सातासमुद्रापलीकडचं दशलक्षण



भाद्रपद जवळ आला, की आमच्या इतवारीच्या मंदिरात एक प्रश्न हमखास कानावर येतो. "तुमच्या लेकीचं तिकडे पर्युषण कसलं होतं हो? ना महाराज, ना चातुर्मास." माझी लेक न्यू जर्सीत संसार करते, नातवंडं तिथेच जन्मली. प्रश्न विचारणारीच्या मनात वाईट काही नसतं, पण आईच्या मनाला बोचतोच. म्हणून यंदा जरा इतिहास वाचला, तोच आज तुमच्यापुढे मांडते.

सुरुवात १८९३ पासून. शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचं निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी म्हणजे आत्मारामजी महाराजांना आलं होतं. पण साधू वाहनात बसत नाहीत, मग आगबोटीत कसे बसणार? त्यांनी आपल्या जागी एका श्रावकाला पाठवलं, ते वीरचंद राघवजी गांधी. वय अवघं २९. परिषद ११ ते २७ सप्टेंबरला झाली आणि त्या वर्षी भाद्रपद शुद्ध पक्ष नेमका त्याच दिवसांत होता. आपल्याकडे क्षमेचं पर्व चालू असताना हा गृहस्थ तिकडे जैन धर्म म्हणजे काय ते सांगत होता. घरी परतल्यावर मात्र समुद्र ओलांडला म्हणून काही कर्मठ मंडळी त्यांना संघाबाहेर काढायला निघाली. तरीही १८९६ मध्ये ते पुन्हा अमेरिकेला गेले, आणि या वेळी पत्नी जीवीबाई व मुलगा मोहन यांना घेऊन. परदेशात जैन घर मांडणारी ही सुरुवातीची बाई. तिचं नाव आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे?

पहिल्याच पावलाला एक गोष्ट ठरून गेली, की साधू तिकडे जाणार नाहीत. जे काही टिकवायचं ते घरच्यांनीच टिकवायचं.

पुढे जामनगरकडचे ओसवाल पूर्व आफ्रिकेत गेले. आधी पुरुष गेले, दुकानं लावली, मग बायकामुलं आली आणि त्यांच्यामागून देव आले. मोंबासाचं संगमरवरी देरासर १९६३ चं.

मग १९७२ साल उजाडलं. ऑगस्टमध्ये इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. त्या ९० दिवसांतच पर्युषण आलं होतं. मला त्या घरांतल्या बायकांचा विचार सोडवत नाही. एकीकडे भरलेल्या घरातून काय न्यायचं, काय सोडायचं याची यादी, आणि दुसरीकडे उपवास. परिग्रहावरचं प्रवचन आपण पाटावर बसून ऐकतो, त्यांना ते असं जगावं लागलं.

इंग्लंडातल्या लेस्टर नगरपालिकेनं तर युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की आमच्याकडे घरं नाहीत, शाळांत जागा नाही, इकडे येऊ नका. तरी लोक गेले. त्याच लेस्टरमध्ये जैन समाजानं १९७९ साली एक जुनं चर्च विकत घेतलं आणि १९८८ मध्ये तिथे प्रतिष्ठा झाली. आत श्वेतांबर देरासर आहे, दिगंबर मंदिर आहे, स्थानकवासी उपाश्रय आहे आणि श्रीमद् राजचंद्रांचं स्थानही आहे. सगळं एका छपराखाली! आपल्याकडे एका गल्लीतले दोन पंथ वर्षानुवर्षं एकमेकांच्या पूजेला जात नाहीत. तिकडे माणसं थोडी, पैसा थोडा, म्हणून एकत्र आले आणि एकत्रच राहिले.

अमेरिकेत १९६५ च्या कायद्यानंतर डॉक्टर, इंजिनियर जाऊ लागले. १९८१ मध्ये तिथल्या संघांचा महासंघ, 'जैना', स्थापन झाला. तिकडच्या बऱ्याच केंद्रांत आता श्वेतांबरांचे ८ आणि आपले १० असे १८ दिवस सलग पर्व साजरं होतं. सुट्टी अर्थातच नाही. ऑफिस, शाळा आटोपून संध्याकाळी प्रतिक्रमण, रविवारी पाठशाळा. क्षमावाणीही बहुधा रविवारी, कारण त्या दिवशी सगळे भेटतात.

"तिथी सोडून रविवार?" असं म्हणणाऱ्या आहेत. मी कॉमर्सची पदवीधर, म्हणून साधा जमाखर्च मांडते. आपल्या दशलक्षणाला लागतं काय? कांदा-लसूण नको, बटाटा नको, हिरवी भाजी नको. मूगडाळ, कढी, भात, बेसन यांवर दहा दिवस निघतात, आणि हा शिधा कुठल्याही बॅगेत मावतो. तत्त्वार्थसूत्राचे अध्याय १०, दिवस १०. रोज एक अध्याय घरात बसून वाचता येतो. सूर्यास्तापूर्वी जेवायचं म्हणाल, तर सप्टेंबरच्या मध्याला लेस्टरला सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो, आपल्या नागपूरला सव्वासहाच्या सुमारास. म्हणजे तिकडच्या नोकरदार सुनेला अंथऊ आपल्यापेक्षा सोपं! दिवाळी नोव्हेंबरात आली, तर मात्र तिकडे साडेचारच्या सुमारास अंधार पडू लागतो, तेव्हा शाळेतून येणाऱ्या लेकराचा डबाच रात्रीचं जेवण होतो.

दिवाळीला फराळ लागतो, रोषणाई लागते, चार शेजारी लागतात. दशलक्षण मागतं ते सोडायला. जे सोडायचं आहे ते परदेशी नेताना वजन होत नाही, म्हणून हे पर्व इतक्या लांबवर टिकलं. आणि टिकवलं कुणी? ज्यांनी रोज पाकीट उलटून बारीक अक्षरात काय घातलंय ते वाचलं, शाळेत डब्यावरून रडत आलेल्या पोराला जीवदया म्हणजे काय ते त्याच्या भाषेत सांगितलं, त्या बायांनी.

माझी नात उत्तम क्षमा इंग्रजी वळणानं म्हणते. 'क्ष' तिला येत नाही. पण मागच्या वर्षी तिनं वर्गातल्या एका मुलीशी भांडण झालं होतं, तिला स्वतः फोन करून माफी मागितली, आणि मग आईला सांगितलं. उच्चार मी शिकवीन, तो काही अवघड नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा कुणाच्या लेकीला "तिकडे कसलं पर्युषण" असं विचारण्याआधी "तू कसं करतेस, सांग ना" असं विचारून बघा. आपल्यालाच चार गोष्टी कळतील.

उत्तम क्षमा!