गुत्त्याचा पैसा
दारू एका आयतीत हराम झाली नाही. सूरह बकराने तिच्यात लाभापेक्षा गुनाह मोठा असल्याचे सांगितले, सूरह निसाने नशेत नमाजला मज्जाव केला आणि अखेर सूरह माइदाने तिला सैतानी काम ठरवले. हदीसमध्ये तर पिणाऱ्याबरोबर विकणाऱ्यावर आणि तिची किंमत खाणाऱ्यावरही लानत आहे.

आपले पेडगाव 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. राज्यकर्ता मुसलमान, पण शिंदी आणि मोहाच्या दारूचे मक्ते दिले जात, आबकारीचे उत्पन्न हा खजिन्याचा मोठा आधार होता. दारूच्या अड्ड्याला आपण ‘गुत्ता’ म्हणतो, तो शब्दही मुळात मक्त्याचाच. बयानात मात्र झोडपला जातो तो फक्त पिणारा मजूर. किंमत खाणाऱ्या खजिन्याचे नाव कोण घेतो? तेच काम आज राज्य उत्पादन शुल्क खाते करते.