मार्सेलिसचें जुनें बंदर

दक्षिण फ्रान्समधील मार्सेलिसचें नांव निघालें कीं मराठी माणसास ८ जुलै १९१० हा दिवस आठवतो. त्या दिवशीं ‘मोरिया’ बोटीवरून सावरकरांनीं समुद्रांत उडी घेतली. पण ती बोट उभी होती नव्या बंदरांत. आगबोटींना जुनी जागा पुरेना, म्हणून १८४४ पासून उत्तरेस ला जोलिएत येथें नव्या गोद्या बांधण्यांत आल्या.

जुन्या बंदराचें वय फार मोठें. ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास आशिया मायनरमधील फोकीआच्या ग्रीक दर्यावर्दी लोकांनीं येथें वसाहत केली. तिन्ही बाजूंस जमीन व पश्चिमेस अरुंद मुख. गलबतांस असा आसरा क्वचितच मिळावा. शत्रूस अडविण्यासाठीं मुखावर सांखळी ताणीत असत. १४२३ सालीं आरागॉनच्या पांचव्या आल्फान्सोनें शहर लुटलें व सांखळीहि नेली; ती आजहि व्हॅलेन्सियाच्या कॅथीड्रलमध्यें टांगलेली आहे.

शत्रु समुद्रावरून यावयाचा, हा हिशेब पुढें मात्र चुकला. १६६० मध्यें चौदाव्या लुईनें शहराचा बंडखोरपणा मोडला आणि बंदराच्या मुखाशीं किल्ल्यांचें काम हातीं घेतलें. तेथील तोफांचा रोख दर्यापेक्षां नागरिकांवरच अधिक होता! १७२० चा प्लेग जहाजांतून आला हें खरें. परंतु खलाशी दगावलेले ठाऊक असूनहि मालाच्या लोभानें त्यास दार उघडलें तें शहरांतल्याच वजनदार मंडळींनीं. जवळजवळ निम्मी वस्ती मेली.

सर्वांत भयंकर घाव १९४३ चा. जानेवारींत जर्मन सैन्य व व्हिशी सरकारचे फ्रेंच पोलीस यांनीं मिळून उत्तर कांठावरील जुनी वस्ती वेढली. कोळी, गोदी-कामगार, परदेशांतून आलेले गरीब, असे सुमारें २०,००० लोक घराबाहेर काढले गेले. शेंकडों ज्यूंची रवानगी मृत्युछावण्यांकडे झाली. फेब्रुवारींत सुमारें १,५०० इमारती सुरुंगांनीं उडविल्या. सतराव्या शतकांतील नगरभवन मात्र राखलें. पुढें १९४७ मध्यें त्याच मोकळ्या जमिनींत रोमन काळची वखार सांपडली. मद्य सांठविण्याचे मातीचे प्रचंड रांजण जागच्या जागीं पुरलेले होते.

आतां या पाण्यांत व्यापारी गलबतें येत नाहींत. हौशी लोकांच्या शिडांच्या नौका दाटीनें बांधलेल्या असतात, आणि सकाळीं पूर्वेच्या धक्क्यावर ताजी मासळी विकली जाते. उत्तर कांठावरील दगडी घरें पाहुण्यास जुनींच वाटतात. तीं महायुद्धानंतरचीं आहेत. खरें जुनें गांव त्यांच्यामागें, पानिएच्या टेकडीवर, जेवढें उरलें तेवढें आहे.