‘स्नेह’, ‘मेद’, ‘वसा’ आणि ‘लिपिड’ : एका संज्ञेचा इतिहास

गोंदिया शहराला लागून असलेले कुडवा हे धानाच्या प्रदेशातील गाव होय. या भागातील राईस मिलमधून तांदळाबरोबर जो कोंडा बाहेर पडतो, त्यात तेलाचा अंश बराच असतो. अरवा तांदळाचा कोंडा साठवून ठेवल्यास थोड्याच दिवसांत खवट होतो. कारण भरडताना दाण्याचे थर फुटतात, त्यांतील लायपेज हे विकर तेलापर्यंत पोहोचते आणि तेलाचे विघटन करून मेदाम्ले मोकळी करते. उसन्या तांदळासाठी धान आधी भिजवून वाफवलेले असते. त्या उष्णतेने हे विकर निकामी होते व कोंडा अधिक काळ टिकतो. कोंड्यातील तेल पुष्कळदा हेक्झेन या द्रावकात विरघळवून वेगळे करतात. जे पाण्यात विरघळत नाही, परंतु अशा द्रावकात विरघळते, ते ‘लिपिड’, अशीच रसायनशास्त्राची रूढ व्याख्या आहे. अर्थात ही संज्ञा मुळात रचनेवरून नव्हे, तर गुणधर्मावरून बांधलेली आहे. मराठीत या पदार्थांना कोणत्या नावाने ओळखावे, हा प्रश्न याच ठिकाणी उद्भवतो.

गुणधर्मावरून नाव देण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. ‘स्निह्’ म्हणजे चिकटणे, आसक्त होणे; त्या धातूपासून ‘स्नेह’ शब्द सिद्ध झाला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्नेहाचे स्थावर व जंगम असे दोन उगम सांगून घृत, तैल, वसा आणि मज्जा हे चार स्नेह श्रेष्ठ मानले आहेत. म्हणजे ‘स्नेह’ हे वर्गाचे नाव आणि ‘वसा’ हा त्यातील एक प्रकार. ‘मेद’ याचे स्थान निराळे आहे. तो शरीराच्या सात धातूंपैकी एक असून मांस व अस्थी यांच्या मध्ये त्याची गणना होते. सुश्रुताने त्याच्याकडे शरीरास स्निग्धता व दृढता देण्याचे आणि अस्थींच्या पोषणाचे कार्य सोपविले आहे. प्राचीन वैद्यकाच्या दृष्टीने मेद हा केवळ दोष नव्हता, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

लोकभाषेतील शब्दांचा प्रवाह मात्र वेगळा. ‘तैल’ म्हणजे तिळाचे. पुढे त्यापासून आलेले ‘तेल’ जवसाचे, मोहाच्या बियांचे, कशाचेही झाले. ‘नवनीता’चे ‘लोणी’ झाले. ‘तूप’ प्राकृतातील ‘तुप्प’ शब्दावरून आले, आणि कन्नडमध्येही तुपाला ‘तुप्प’च म्हणतात. याच जिल्ह्यात बोलल्या जाणाऱ्या गोंडीत तेलाला ‘नी’ म्हणतात. तमिळमधील ‘नेय्’ आणि तेलुगूतील ‘नेय्यि’ हे त्याचे सगोत्र शब्द होत. ‘चरबी’ फारसीतून आली आणि ‘अंगावर चरबी चढणे’ या प्रयोगातून तिला उन्मत्तपणाचाही अर्थ चिकटला. हे सर्व शब्द डोळ्यांना दिसणाऱ्या, हाताला ओशट लागणाऱ्या पदार्थांचे आहेत.

युरोपातील संशोधनानेही दृश्य पदार्थापासूनच आरंभ केला. शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्राणिज चरबी ही मेदाम्ले आणि ग्लिसरीन यांच्या संयोगाने बनते, हे दाखविले. एका ग्लिसरीन-रेणूला तीन मेदाम्ले जोडली गेली की ट्रायग्लिसराइड तयार होते. तेल, तूप व अंगातील चरबी ही प्रामुख्याने याच रचनेची असतात. एक ग्रॅम पिष्टापासून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर एवढ्याच मेदापासून सुमारे ९. म्हणून शरीर आपली शिल्लक मेदाच्या रूपाने ठेवते. याच पदार्थांच्या समूहासाठी ग्रीक ‘लिपोस’ म्हणजे चरबी या शब्दावरून १९२३ मध्ये गाब्रिएल बर्त्रां यांनी फ्रेंचमध्ये जी संज्ञा योजली, तिच्यापासून ‘लिपिड’ हा शब्द प्रचारात आला.

तोवर संशोधनाचा रोख अदृश्याकडे वळला होता. गोब्ले याने १९ व्या शतकाच्या मध्यास अंड्याच्या बलकातून फॉस्फरसयुक्त लेसिथिन वेगळे केले होते. अशा फॉस्फोलिपिडाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेणारे, तर दोन शेपट्या पाणी टाळणाऱ्या असतात. १९२५ मध्ये गॉर्टर व ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतील लिपिडे काढून पाण्यावर पसरली, तेव्हा त्या थराचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले. त्यांच्या मोजणीत परस्परांना छेदणाऱ्या दोन चुका होत्या, असे पुढे आढळले. तथापि पेशीचे आवरण दुपदरी असते, हा त्यांचा निष्कर्ष टिकला. १९७२ मध्ये सिंगर व निकोल्सन यांनी या प्रवाही आवरणात प्रथिने तरंगत असतात, असे प्रतिरूप मांडले. १९२९ मध्ये बर दांपत्याने काही मेदाम्ले आहारातून मिळणे आवश्यक असते, हे उंदरांवरील प्रयोगांनी सिद्ध केले होते. कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले व कित्येक संप्रेरके बनतात, हेही यथावकाश उलगडले.

या ज्ञानाला नावे देताना मराठीची अडचण झाली. ‘स्नेह’ ही सर्वांत व्यापक संज्ञा होती. पण मराठीत तिचा मुख्य अर्थ ममता असा झाला आणि ‘स्नेही’ म्हणजे मित्र. हिंदीने ‘वसा’ स्वीकारला. मराठीतील काही शास्त्रीय लेखनातही तो आढळतो. परंतु मराठी श्रोत्याला वसा म्हणजे आधी व्रतच आठवते. कुडव्यासारख्या, हिंदी व मराठी शेजारी नांदणाऱ्या गावी ही तफावत विशेष जाणवते. मराठी पाठ्यपुस्तकांनी ‘स्निग्ध पदार्थ’ व ‘मेदाम्ल’ हे शब्द रूढ केले. त्यांतील ‘स्निग्ध’ हा ‘स्नेहा’चाच सहोदर होय. तथापि ‘मेद’ म्हटले की लठ्ठपणा डोळ्यांसमोर येतो. प्रत्येक पेशीचे आवरण मेदाचे आहे, असे सांगितल्यास ऐकणाऱ्याचा गैरसमजच होईल.

म्हणून संज्ञांची वाटणी करणे इष्ट दिसते. अंगात साठलेल्या ऊतीला ‘मेद’, आहारातील तेल-तुपाला ‘स्निग्ध पदार्थ’ आणि संपूर्ण वर्गाला ‘लिपिड’ म्हणावे. परका शब्द घेतल्याने भाषेची हानी होत नाही. ‘चरबी’ही परकीच होती. हानी होते ती एकाच शब्दावर सर्व अर्थ लादल्याने. रक्ततपासणीच्या कागदावर ‘लिपिड’ वाचून जो केवळ चरबी एवढेच समजतो, तो ती समूळ नाहीशी व्हावी अशी इच्छा धरतो. मोजायची असते ती तिच्या निरनिराळ्या घटकांची मात्रा. ज्या पदार्थांवाचून एकही पेशी उभी राहू शकत नाही, त्यांचा अभाव हे आरोग्याचे लक्षण असूच शकत नाही.