पश्चिमेचे पारडे

इ.स. १९३३ च्या शरद ऋतूत ब्रुनो रॉसी नावाचा अठ्ठावीस वर्षांचा इटालियन प्राध्यापक एरित्रियातील अस्मारा या गावी आपली उपकरणे घेऊन दाखल झाला. एरित्रिया तेव्हा इटलीची वसाहत होती. अस्मारा समुद्रसपाटीपासून सुमारे २,३७० मीटर उंचीवर आणि भूचुंबकीय विषुववृत्ताच्या बरेच जवळ. या दोन गुणांसाठीच रॉसीने ते निवडले होते. आकाशातून अहोरात्र बरसणारे विश्वकिरण पूर्वेकडून अधिक येतात की पश्चिमेकडून, एवढेच त्याला मोजायचे होते. प्रश्न साधा दिसतो. परंतु भौतिकीतील एक मोठा वाद त्याच्या उत्तरावर टांगलेला होता.

वादाचे मूळ थोडे मागे आहे. ७ ऑगस्ट १९१२ रोजी व्हिक्टर हेस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने बलूनमधून ५,००० मीटरांहून अधिक उंची गाठली आणि वर जावे तसे किरणोत्सर्गाचे प्रमाण वाढते, असे दाखवून दिले. अर्थात हे किरण जमिनीतून नव्हे, वरून येत होते. अमेरिकेच्या रॉबर्ट मिलिकनने १९२५ मध्ये त्यांना ‘विश्वकिरण’ या अर्थाचे नाव दिले. त्याच्या मते हे किरण म्हणजे अतितीव्र गॅमा किरण, अंतराळात नवे अणू जन्मताना उमटणारा जणू पहिला टाहो. कल्पना मोठी काव्यमय होती, आणि मिलिकन नोबेल पारितोषिकाचा मानकरी असल्याने तिला वजनही होते. पण किरण जर प्रकाशाच्या जातीचे असतील, तर पृथ्वीच्या चुंबकत्वाचा त्यांच्यावर काहीही परिणाम होता कामा नये. ते विद्युत्‌भारित कण असतील, तर मात्र पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्यांना वळवील, आणि धन व ऋण भाराचे कण परस्परविरुद्ध दिशांना वळतील.

याकोब क्ले या डच शास्त्रज्ञाने १९२७ पासून जावा आणि युरोप यांमधील जलप्रवासात मोजणी केली, तेव्हा विषुववृत्ताजवळ किरण कमी पडतात असे त्याला आढळले. १९२९ मध्ये बर्लिनमध्ये बोथे आणि कोलहोर्स्टर यांनी दोन गायगर नळ्यांच्या मधे सोन्याची चार सेंटिमीटरांहून जाड वीट ठेवून पाहिली. दोन्ही नळ्यांत एकाच क्षणी नोंद करणारे किरण सोने भेदून जात होते. ते गॅमा नसून कण असावेत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. हा लेख वाचून फ्लोरेन्सजवळच्या आर्चेत्री येथील रॉसी इतका भारावला, की थोड्याच काळात त्याने निर्वात नळ्यांचे एक नवे मंडल रचले. अनेक गायगर नळ्यांत एकाच वेळी स्पंद उमटला, तरच ते नोंद करी. नळ्या एका रेषेत मांडल्या की ठराविक दिशेने येणारा कणच सर्वांतून पार होतो. उपकरण कलते करून फिरवले, की हवी ती दिशा तपासता येते. दुर्बिणच ती, फक्त भिंग नसलेली.

१९३० मध्येच रॉसीने भाकीत प्रसिद्ध केले होते: कण बहुतांशी एकाच भाराचे असतील, तर पूर्व आणि पश्चिम यांत फरक दिसलाच पाहिजे. कण धनभारित असतील, तर पश्चिमेचे पारडे जड ठरेल. फ्लोरेन्समध्ये त्याने करून पाहिले, पण निश्चित काही हाती लागले नाही. तिथल्या अक्षांशावर परिणाम क्षीण असणार हे उघड होते. म्हणून विषुववृत्ताकडे, आणि वातावरण विरळ असलेल्या उंचीवर जाणे भाग होते. मोहिमेची जुळवाजुळव लांबत गेली.

दरम्यान अमेरिकेत आर्थर कॉम्प्टनने जगभर मोजणीपथके धाडून अक्षांशानुसार पडणारा फरक सिद्ध केला होता. डिसेंबर १९३२ मध्ये अटलांटिक सिटी येथील विज्ञानसभेत त्याची आणि मिलिकनची जाहीर खडाजंगी झाली. वृत्तपत्रांना ती पर्वणीच ठरली. मॅन्युएल सांदोव्हाल व्हायार्ता या मेक्सिकन शास्त्रज्ञाने लमेत्र यांच्याबरोबर भारित कणांच्या मार्गांचे गणित मांडले होते, आणि पूर्व-पश्चिम फरक पाहायला मेक्सिको सिटी उत्तम, असे त्याचे सुचवणे होते. १९३३ मध्ये तिथे दोघे पोहोचले: थॉमस जॉन्सन, आणि कॉम्प्टनचा जेमतेम एकवीस वर्षांचा विद्यार्थी लुईस अल्वारेझ. दोघांनाही पश्चिमेकडून सुमारे दहा टक्के अधिक किरण आढळले. लेखावर कॉम्प्टनने विद्यार्थ्याचे नाव आधी घातले. गुरूंच्या औदार्याची अशी उदाहरणे विज्ञानात विपुल नाहीत, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

रॉसी अस्माराला पोहोचला तेव्हा हे वृत्त छापून आले होते. आपल्याच भाकिताची पडताळणी दुसऱ्यांनी काही महिने आधी केल्याची खंत त्याला पुढे कायम राहिली. तरीही त्याने आणि त्याचा सहकारी सेर्जिओ दे बेनेदेत्ती याने नेटाने मोजणी केली. विषुववृत्त जवळ असल्याने फरक इथे अधिक ठळक निघाला: ४५ अंशांच्या कलात पश्चिमेचे किरण पूर्वेच्या सुमारे सव्वापट. मिलिकनच्या अणुजन्माच्या टाहोला आता आधार उरला नाही. हे धन कण म्हणजे प्रामुख्याने प्रोटॉन, हे कळायला मात्र १९४१ उजाडले.

आणखी एक गोष्ट रॉसीला तिथे दिसली. परस्परांपासून दूर ठेवलेल्या नळ्यांतही कधीकधी एकाच क्षणी स्पंद उमटत, जणू कणांची विस्तृत सर कोसळावी. त्याने ते नोंदवून ठेवले, पुढे पाठपुरावा केला नाही. १९३८ मध्ये पिएर ओजे याने अशा वर्षावांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि शोध त्याच्या नावे झाला. त्याच वर्षी मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांमुळे ज्यू असलेल्या रॉसीची पादुआची प्राध्यापकी गेली. कोपनहेगन आणि मँचेस्टरमार्गे तो १९३९ मध्ये अमेरिकेत पोहोचला, तो शिकागोला, कॉम्प्टनकडेच.

पूर्व-पश्चिम फरक हा पृथ्वीच्या चुंबकत्वाचा खेळ. तो वजा केल्यावर अंतराळातच काही दिशाभेद उरतो का, हा पुढचा, कितीतरी सूक्ष्म प्रश्न. कॉम्प्टन आणि गेटिंग यांनी तो १९३५ मध्ये मांडला. आपल्याकडे विक्रम साराभाईंनी प्रथम बंगलोरला आणि १९४७ नंतर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत विश्वकिरणांतील दैनंदिन चढउताराचा माग काढला. आज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ग्रेप्स-३ ही वेधशाळा उटकमंडला हेच काम करते. २०१३ ते २०१६ या चार वर्षांतील सुमारे ३७० कोटी वर्षाव तपासून तिने आकाशाच्या दोन भागांत किंचित आधिक्य असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. किती किंचित? दहा हजारांमागे पाच-सहा. वेधशाळेची उंची सुमारे २,२०० मीटर, अस्मारापेक्षा थोडीच कमी.