बिली मॅकनील : सेल्टिकचा पोलादी बचावपटू

ब्रिटिश फुटबॉलमध्ये युरोपियन चषक सर्वप्रथम उंचावण्याचा मान इंग्लंडमधील एखाद्या क्लबच्या नव्हे, तर ग्लासगोच्या सेल्टिक क्लबच्या कर्णधाराला लाभला. त्या कर्णधाराचे नाव बिली मॅकनील. २ मार्च १९४० रोजी स्कॉटलंडच्या लॅनार्कशायर परगण्यातील बेल्सहिल येथे त्यांचा जन्म झाला. १९५७ मध्ये ते सेल्टिकमध्ये दाखल झाले आणि १९७५ मध्ये निवृत्त होईपर्यंत अन्य कोणत्याही व्यावसायिक क्लबकडून खेळले नाहीत.

मॅकनील बचावफळीच्या मध्यभागी खेळत. हवेतून येणाऱ्या चेंडूवरील प्रभुत्व हे त्यांचे सर्वात मोठे बलस्थान होते. तथापि प्रारंभीची वर्षे निराशाजनक ठरली. १९६१ मध्ये स्कॉटलंडकडून त्यांनी पदार्पण केले, त्याच सामन्यात वेम्बली मैदानावर इंग्लंडने ९-३ असा दणदणीत विजय मिळवला. सेल्टिकलाही अनेक वर्षे मोठे विजेतेपद हुलकावणी देत होते. मार्च १९६५ मध्ये जॉक स्टीन यांनी प्रशिक्षकपदाची सूत्रे स्वीकारली आणि पुढच्याच महिन्यात स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यात डन्फर्मलिनविरुद्ध २-२ अशी बरोबरी असताना मॅकनील यांनी कॉर्नर किकवर डोक्याने निर्णायक गोल केला. सेल्टिकच्या सुवर्णयुगाची ती नांदी ठरली.

१९६७ च्या युरोपियन चषकात उपांत्यपूर्व फेरीत युगोस्लाव्हियाच्या व्होयव्होदिना संघाविरुद्ध अखेरच्या मिनिटाला त्यांचाच हेडर संघाला तारून गेला. २५ मे १९६७ रोजी लिस्बन येथील अंतिम सामन्यात अभेद्य बचावासाठी ख्यातनाम असलेल्या इटलीच्या इंटर मिलानने पेनल्टीवर आघाडी घेतली. पण गेमेल व चाल्मर्स यांच्या गोलांमुळे सेल्टिकने २-१ अशी बाजी मारली. संघातील सर्व अकराही खेळाडू सेल्टिक पार्कपासून सुमारे ३० मैलांच्या परिघात जन्मलेले होते. ‘लिस्बनचे सिंह’ हे बिरुद त्यांना कायमचे चिकटले.

१९६६ ते १९७४ या काळात सेल्टिकने सलग नऊ वेळा लीग जिंकली. मॅकनील सेल्टिककडून ७९० सामने खेळले आणि त्यांपैकी एकाही सामन्यात त्यांच्या जागी बदली खेळाडू उतरवावा लागला नाही. स्कॉटलंडचे मात्र त्यांनी केवळ २९ सामन्यांत प्रतिनिधित्व केले. पुढे व्यवस्थापक म्हणून दोन कारकिर्दींत त्यांनी सेल्टिकला चार लीग विजेतेपदे मिळवून दिली. क्लबच्या शताब्दी हंगामात, म्हणजे १९८८ मध्ये, लीग व स्कॉटिश चषक हा दुहेरी मुकुटही त्यात आला. अॅबरडीन, मँचेस्टर सिटी व अॅस्टन व्हिला या क्लबांची धुराही त्यांनी सांभाळली.

आयुष्याची अखेर मात्र चटका लावणारी होती. त्यांना स्मृतिभ्रंशाने ग्रासल्याचे कुटुंबीयांनी २०१७ मध्ये जाहीर केले. २२ एप्रिल २०१९ रोजी वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधनातून असे दिसून आले, की मेंदूच्या ऱ्हासाशी निगडित विकारांनी मृत्यू होण्याचे प्रमाण माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये सर्वसामान्यांच्या तुलनेत साडेतीन पट आहे. २०२१ मधील पुढील विश्लेषणात हा धोका बचावपटूंमध्ये सर्वाधिक, तर गोलरक्षकांमध्ये सर्वसामान्यांइतकाच आढळला. एखाद्या विशिष्ट खेळाडूच्या आजाराचे कारण यावरून ठामपणे सांगता येत नाही. तरीही स्कॉटिश फुटबॉल संघटनेने २०२० मध्ये लहान मुलांच्या सरावातून हेडिंग वगळले, तर २०२२ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना सामन्याच्या आदल्या व दुसऱ्या दिवशी हेडिंगचा सराव न करण्याचे निर्देश दिले.

सेल्टिक पार्कच्या प्रवेशमार्गावर २०१५ पासून मॅकनील यांचा पुतळा उभा आहे. युरोपियन चषक दोन्ही हातांनी उंच धरलेला हा कर्णधार ग्लासगोच्या नव्या पिढ्यांना लिस्बनच्या त्या सायंकाळची आठवण करून देतो. ज्या कौशल्याने त्यांनी क्लबला वैभव मिळवून दिले, त्याची खेळाडूंना कोणती किंमत मोजावी लागते, हा प्रश्न मात्र त्यांच्या पिढीने फुटबॉलसमोर ठेवला आहे.