लॉर्ड क्रॅनबर्नचा राजीनामा

लोकानुनयाची निंदा करावयाची झाली म्हणजे बोट नेहमी विरुद्ध पक्षाकडे वळते. स्वतःच्याच पक्षाने बहुजनांची मर्जी संपादण्यासाठी आपली भूमिका टाकली, म्हणून हातचे मंत्रिपद सोडून बाहेर पडणारी माणसे इतिहासात थोडी. अशा एकाची हकीकत येथे सांगावयाची आहे. माणूस इंग्लंडातला, वृत्तीने पक्का स्थितिप्रिय. लोकशाहीवर त्याचा विश्वास नव्हता आणि हिंदुस्थानविषयी त्याला फारसा जिव्हाळा होता असेही नाही. परंतु राजीनामा दिला त्या दिवशी तो आपला भारतमंत्री होता. तेव्हा त्याची झडती घेण्याचा थोडासा अधिकार आम्हांलाही पोहोचतो.

रॉबर्ट सेसिल हे त्याचे नाव. थोरल्या भावाच्या मृत्यूनंतर, १८६५ पासून, तो लॉर्ड क्रॅनबर्न झाला आणि वडील वारल्यावर १८६८ मध्ये लॉर्ड सॉल्झबरी. घराणे एलिझाबेथ राणीच्या प्रधानांचे. पण वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न केल्यामुळे तरुणपणी पैशाची ओढाताण असे. ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मध्ये निनावी लेख लिहून तो प्रपंचाला हातभार लावी. त्या लेखांत एक गोष्ट वारंवार येते: स्वपक्षाचा नेता डिझरायली याच्या शब्दावर विसंबू नये!

१८६६ साली ग्लॅडस्टनने मताधिकार वाढविण्याचे बिल आणले. शहरांतून दहा पौंडांच्या घराची अट होती, ती सात पौंड भाड्यावर आणावी एवढीच मागणी. हुजूर पक्षाने काहूर उठविले. मजुरांच्या हाती राज्य जाणार, मालमत्ता बुडणार, राज्यघटना ढासळणार! लिबरलांतील काही असंतुष्ट फुटले, बिल बारगळले आणि जूनमध्ये मंत्रिमंडळ पडले. लॉर्ड डर्बी प्रधान झाले, डिझरायली कॉमन्स सभेचा नेता झाला आणि क्रॅनबर्नकडे हिंदुस्थानचे खाते आले.

खाते आले त्याच वेळी ओरिसात माणसे अन्नावाचून मरत होती. सुमारे दहा लक्ष जीव त्या दुष्काळात गेले. हिंदुस्थानातील अधिकारी काळजीचे कारण नाही म्हणत राहिले आणि नव्या मंत्र्याने त्यांच्यावर विश्वास ठेवून प्रारंभीचे काही आठवडे वाया घालविले. पुढे त्याने हे उघडपणे कबूल केले. दुसऱ्याने मांडलेल्या आकड्यांवर डोळे मिटून विसंबावयाचे नाही ही खूणगाठ त्याने येथेच बांधली असावी, असा आमचा तर्क आहे.

कारण पुढचा प्रसंग आकड्यांचाच आहे. फेब्रुवारी १८६७ मध्ये डिझरायलीने मंत्रिमंडळापुढे योजना ठेवली. शहरात घरपट्टी भरणाऱ्या प्रत्येक घरवाल्याला मत द्यावे आणि तोल राखण्यासाठी संपन्न वर्गाला दुसरे मत द्यावे. सोबत हिशेबाचा तक्ता होता. शनिवारी बैठक झाली. रविवारी क्रॅनबर्न तो तक्ता घेऊन बसला आणि त्याने एकेका गावाचा हिशेब केला. साऱ्या देशाची बेरीज घेतली तर दोन्ही पारडी सारखी दिसत होती. पण निवडणूक देशाच्या बेरजेवर होत नसते, ती गावोगाव होते. मोठ्या शहरांत दुसऱ्या मतांची रेलचेल, तर लहान गावांत ती नावापुरती. म्हणजे लहान गावांतून, आणि अशी गावे पुष्कळ होती, हा बंधारा पहिल्याच पुरात वाहून जाणार. रात्रीच त्याने डर्बींना पत्र लिहिले. सोमवारी मंत्र्यांना घाईने गोळा करण्यात आले. पक्षाची सभा भरण्यास काही मिनिटे उरली असता सहा पौंडांच्या अटीचे दुसरेच बिल ठरले. इतिहासात ते ‘दहा मिनिटांचे बिल’ म्हणूनच प्रसिद्ध आहे. ते कोणालाच रुचले नाही. आठवडा संपण्यापूर्वी मूळ योजना परत आली आणि २ मार्चला क्रॅनबर्न, कार्नार्व्हन व जनरल पील हे तिघे बाहेर पडले.

यानंतर डिझरायलीला अडविणारे कोणी राहिले नाही. दुसऱ्या मताची तरतूद गेली, इतर बंधनेही एकामागून एक गळाली. मे महिन्यात हॉजकिन्सन नावाच्या फारशा प्रसिद्ध नसलेल्या लिबरल सभासदाने उपसूचना मांडली: ज्यांची घरपट्टी मालक भाड्यातच वसूल करून परस्पर भरतो, त्या भाडेकरूंनाही मत मिळावे. डिझरायलीने मंत्रिमंडळाला न विचारताच ती स्वीकारली. एका संध्याकाळी चार लाखांहून अधिक मतदार वाढले! इंग्लंड-वेल्समध्ये दहा लाखांच्या घरात असलेली मतदारसंख्या या कायद्यामुळे जवळजवळ दुप्पट झाली. ग्लॅडस्टनने मागितले होते त्याच्या कितीतरी पुढे हे गेले, आणि तेही त्याला विरोध करून सत्तेवर आलेल्यांच्या हातून.

ऑक्टोबरात क्रॅनबर्नने ‘क्वार्टर्ली’त लेख लिहून स्वपक्षावर शरणागतीचा आरोप केला. मजुरांविषयी त्याची भीती त्यात आहेच, पण लेखाचे मर्म आमच्या मते तिच्यात नाही. त्याचे म्हणणे असे की, पक्ष हा वचनाने बांधलेला समुदाय आहे. विरोध करून सत्ता मिळवायची आणि सत्ता टिकविण्यासाठी विरोध केलेलीच गोष्ट दामदुपटीने करायची असे एकदा ठरले, म्हणजे कारभाराचा लिलाव होतो. लिलावात नेहमी चढी बोली करणाराच जिंकतो. आणि बोली चढविण्यात हुजूर पक्ष विरोधकांच्या पुढे किती काळ राहणार? १८६८ च्या निवडणुकीत नव्या मतदारांनी ग्लॅडस्टनला भरघोस बहुमत दिले, तेव्हा हा प्रश्न अनेकांना आठवला असेल.

मात्र माणसांविषयीचा त्याचा अंदाज साफ चुकला. मजुरांनी मालमत्ता लुटली नाही. उलट १८७४ मध्ये त्यांच्याही मतांवर हुजूर पक्ष निवडून आला आणि बरीच घालमेल करून सॉल्झबरी त्याच डिझरायलीच्या मंत्रिमंडळात पुन्हा भारतमंत्री म्हणून जाऊन बसला. (न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा हिंदुस्थानचे खाते याच गृहस्थांकडे होते. सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेची वयोमर्यादा एकवीसवरून एकोणीस वर्षांवर आणून हिंदी तरुणांची वाट अरुंद केली ती यांनीच.) पुढे तो तीनदा पंतप्रधान झाला. ज्या मताधिकाराला तो विनाश समजत होता, त्याच्याच बळावर त्याने मोठमोठी बहुमते मिळविली.

आणि लोकानुनय? तोही त्याने वर्ज्य मानला असे दिसत नाही. १८८६ मध्ये दादाभाई नौरोजी होबर्नमधून उभे राहून पडले होते. त्याचा संदर्भ घेऊन १८८८ मध्ये एडिंबरोच्या सभेत पंतप्रधान सॉल्झबरी म्हणाले की, इंग्रज मतदार एखाद्या काळ्या माणसाला निवडून देतील असे आपल्याला वाटत नाही. श्रोत्यांना हसविणारे हे वाक्य होते. रविवारची रात्र आकडेमोडीत घालविणाऱ्या क्रॅनबर्नला ते शोभले नसते, पण सभा जिंकू पाहणाऱ्या पुढाऱ्याला शोभले. त्यावर इंग्लंडातच टीकेचा गदारोळ उठला आणि दादाभाईंचे नाव घरोघर पोहोचले.

१८९२ मध्ये लंडनच्या मध्य फिन्सबरी मतदारसंघातून दादाभाई बोटांवर मोजता येतील इतक्या मताधिक्याने निवडून आले. १८९५ मध्ये ते पडले. पण त्याच निवडणुकीत बेथ्नल ग्रीन या मजुरांच्या वस्तीतून मुंबईचेच दुसरे पारशी गृहस्थ, मंचेरजी भावनगरी, पार्लमेंटात गेले. ते लॉर्ड सॉल्झबरींच्या हुजूर पक्षाचे उमेदवार होते.