काळोखाचे छायालेखन

मराठी चित्रपटाचा इतिहास लिहावयास बसलेला लेखक बहुधा ३ मे १९१३ या दिवसापासून, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'पासून आरंभ करतो. फार तर सावेदादांचे, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांचे, नाव एका वाक्यात घेऊन तो पुढे सरकतो. कथापटाच्या या हमरस्त्यामुळे एक जुनी पाऊलवाट झाकली गेली आहे. जे घडते आहे ते, जेथे घडते तेथे जाऊन टिपून ठेवण्याची, म्हणजेच अनुबोधपटाची ती वाट होय. तिच्यावरील सर्वांत अवघड टप्पा म्हणजे आडरान आणि वरचे काळोखे आकाश. त्यासंबंधी काही विचार येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

सावेदादांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती टिपली आणि डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा त्यांचे स्वागतही टिपले. प्रसंग उघड्यावरचे होते, व त्या काळच्या यंत्रास दुसरे काही मानवणारेही नव्हते. हाताने दांडा फिरवून सेकंदास सुमारे सोळा चित्रे घ्यावयाची. एकेका चित्रास सेकंदाचा तिसावा हिस्सा, किंबहुना त्याहूनही कमी, प्रकाश मिळे. तारा फितीवर उमटण्यास कित्येक सेकंद लागतात. तेव्हा रात्रीचे आकाश या यंत्राच्या आवाक्याबाहेर होते, यात नवल नाही.

परंतु दिवसाढवळ्या रात्र पडावी असा एक योग असतो, तो खग्रास सूर्यग्रहणाचा. २२ जानेवारी १८९८ रोजी ग्रहणाची छाया कोकणपट्टीवर उतरून दख्खन, वऱ्हाड ओलांडीत ईशान्येस गेली, आणि तिच्या मार्गावर दूरदूरच्या ज्योतिर्विदांनी तळ दिले. विजयदुर्गावर लॉकियर होते. (त्यांनी १८६८ मध्ये याच किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, असे आजही सांगितले जाते. ते खरे नव्हे. १८६८ मध्ये ते इंग्लंडातच होते. विजयदुर्गास आले ते तीस वर्षांनी. शिक्षकांनी तरी हे मुलांस नीट सांगावे.) सोलापूरकडील जेऊर येथे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते. वऱ्हाडातील तळणी येथे माँडर पतिपत्नी व एव्हरशेड यांचा तळ पडला. आमचे बुऱ्हाणपूर त्या पट्ट्याच्या उत्तरेस राहिले, त्यामुळे येथे ग्रहण खंडग्रासच झाले.

जेऊरच्या तळाकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. कॅम्पबेल यांच्या एका कॅमेऱ्याची लांबी चाळीस फूट होती. एवढे धूड सूर्यामागे फिरविणे अशक्य. म्हणून भिंग आणि नळी जागच्या जागी रोवून, आतील काचच घड्याळाच्या यंत्राने हळूहळू सरकवीत नेण्याची युक्ती त्यांनी वापरली. आकाश ताशी पंधरा अंश फिरते. त्याच्याशी पाऊल जुळविल्यावाचून काळोखातले कोणतेही चित्र स्पष्ट येत नाही, आणि हे काम सुमारे दोन मिनिटांत उरकावयाचे होते. नायगमवाला तर पुण्यास १८८८ पासून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा चालवीत होते. तेथील वीस इंची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होती. ते १९१२ मध्ये निवृत्त झाल्यावर वेधशाळा बंद झाली व दुर्बीण कोडाईकनालास गेली. पुण्याने तिचे स्मरण फारसे ठेविले नाही, ही गोष्ट आम्हांस बोचते.

त्याच दिवशी गंगाकाठी बक्सर येथे नेव्हिल मस्केलिन नावाचे इंग्रज जादूगार चलच्चित्राचा कॅमेरा लावून उभे होते. ग्रहण त्यांनी टिपले, पण परतीच्या प्रवासात ती फीत चोरीस गेली. त्यांनी हार न मानता २८ मे १९०० रोजी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना प्रांतात दुसरे ग्रहण चित्रित केले. ती फीत लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या संग्रहात सापडली आणि २०१९ मध्ये दुरुस्त होऊन लोकांपुढे आली. आमच्या भूमीवरील आकाशाची फीत मात्र गेली ती गेलीच. जेऊर-तळणीच्या काचांनी शास्त्राची सेवा केली. हालत्या चित्राच्या वाट्यास ते भाग्य आले नाही.

आकाश सावकाश चालते. त्याचे चालणे डोळ्यांस दिसावे कसे, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर आपल्याकडे फाळक्यांनी शोधले, तेही कुंडीतल्या वाटाण्यावर. १९१२ मध्ये त्यांनी एक दाणा पेरून, महिन्याहून अधिक काळ कॅमेरा त्याच्यासमोर ठेवून, त्याच्या वाढीची मिनिटभराची फीत केली. सेकंदास सोळा चित्रे धरली तर ती सुमारे ९६० होतात, म्हणजे दिवसास सरासरी तीस. भांडवल मिळविण्यासाठी केलेला हा खटाटोप होता, आणि त्यावर कर्ज मिळालेही. आज रात्रीच्या आकाशाचे छायालेखन करणारे हेच गणित मांडतात. एका चित्रास वीस सेकंद प्रकाश द्यावा, तर सेकंदास चोवीस चित्रांच्या एका मिनिटासाठी १,४४० चित्रे, म्हणजे आठ तास लागतात. अख्खी रात्र खर्ची पडते, तेव्हा पडद्यावर एक मिनिट उभे राहते.

१९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाल्यावर अनुबोधपट चित्रपटगृहांत नेमाने दिसू लागले. परंतु त्यांत धरणे, कारखाने आणि पुढाऱ्यांचे दौरे यांचाच भरणा फार. आमच्या गावी येणारे कॅमेरेही बहुधा १६३१ मध्ये येथे वारलेल्या मुमताजमहालच्या शोधात येतात. कुंडी भंडाऱ्यात उतरणारे थोडे. १६१५ मध्ये अब्दुल रहीम खानखानांच्या काळी सातपुड्याचे पाणी शहरास आणण्यासाठी खणलेल्या या भुयारास शंभराहून अधिक कुंड्या आहेत. त्यांतून उजेडाचा झोत पडतो व मधला भाग काळोखाचा राहतो. दिवे लावून तो काळोख धुऊन टाकला की प्रेक्षकास त्या कामाची कल्पनाच येत नाही. असीरगडावरून दिसणाऱ्या रात्रीचेही तसेच. दिवसा चित्रण करून गाळणी लावून ती रात्र म्हणून खपविणे कथापटास शोभेल, अनुबोधपटास नव्हे. एका ठिकाणची भूमी आणि दुसऱ्या ठिकाणचे आकाश सांधणारे तर साफ खोटी साक्ष देतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काळोख हीही आता जपावयाची वस्तू झाली आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पास देशातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. फितींचे जतन त्याहून बिकट. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले. तरीही २००३ मध्ये त्याच शहरात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा जळाला. सावेदादांची कुस्तीही आज पाहावयास मिळत नाही.

पुढील खग्रास ग्रहणाची छाया २० मार्च २०३४ रोजी लडाखवरून जाईल. तापीकाठचे कोणी छायालेखक तिकडे जाणार असतील, तर चित्रणाची एक प्रत त्यांनी परतीच्या प्रवासास निघण्यापूर्वीच दुसऱ्याच्या हवाली करावी, एवढे मस्केलिनसाहेबांच्या नावे सुचवितो.